परसातला टोमॅटो

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने टोमॅटोवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय शेतकी महाविद्यालयातल्या मुलांचा. आपण कविता, कादंबरी, फार तर पंचवार्षिक योजना यांवर लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु आपले महाविद्यालय जुन्नर तालुक्यात आहे, आणि या तालुक्यात टोमॅटो हा केवळ भाजीचा विषय नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी टोमॅटोची बाग आहे आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरची माणसे त्या बागांत तोडणीला जातात. मी दुसऱ्या निम्म्यातली. आमची शेती नाही. घरामागे दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असा परस आहे, तेवढीच आमची जमीन. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. माझ्या आईला टोमॅटोचे सारे काही ठाऊक आहे, फक्त ते कोठे लिहिलेले नाही. मला पुस्तकातले थोडे ठाऊक झाले आहे. या दोन्ही माहित्यांची सांगड घालून, परसात टोमॅटो कसा करावा आणि तो करताना आपल्याला काय कळते, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

दूरदेशीचा सोयरा

टोमॅटो आपल्या स्वयंपाकघरात इतका रुळला आहे, की तो परका आहे हे खरे वाटत नाही. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वताचा प्रदेश, म्हणजे आजचे पेरू, इक्वेडोर हे देश. तेथून तो मेक्सिकोत गेला व तेथील लोकांनी त्याची लागवड वाढवली. ‘टोमॅटो’ हा शब्द त्यांच्याच नाहुआत्ल भाषेतला. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली मेक्सिको जिंकला आणि त्यानंतर हे झाड युरोपात पोहोचले. विषारी झाडांच्या कुळातले म्हणून तेथे पुष्कळ लोक ते खायला भीत असत व शोभेसाठी लावीत. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला ‘सोलॅनम लायकोपर्सिकम’ असे नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘लांडग्याचे पीच’ असा होतो. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमार्फत आला असे मानतात.

वांगी, मिरची, बटाटा, तंबाखू आणि धोतरा ही सारी टोमॅटोची भावंडे. बंगाली माणसाने टोमॅटोला ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे, म्हटले, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. आपल्या विदर्भात त्याला ‘भेदरं’ म्हणतात. टोमॅटो फळ की भाजी, हा वाद तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेथे आयात भाजीवर कर होता, फळावर नव्हता. व्यापारी म्हणाला, हे फळ आहे. न्यायालयाने १८९३ साली निकाल दिला, की वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक त्याला जेवणात भाजी म्हणूनच खातात, तेव्हा कर द्यावा लागेल.

हे कूळ ध्यानात ठेवण्याचा व्यावहारिक उपयोगही आहे. एकाच कुळातल्या झाडांचे रोगही पुष्कळदा एकच असतात. म्हणून ज्या वाफ्यात मागच्या हंगामात वांगी किंवा मिरची होती, तेथे टोमॅटो लावू नये. तेथे मेथी, घेवडा किंवा कांदा घ्यावा आणि टोमॅटोची जागा दरवर्षी बदलावी. आमच्या एवढ्याशा परसातही चार कोपरे आहेत. टोमॅटोची पाळी चौथ्या वर्षी फिरून त्याच कोपऱ्यात येते.

पंचांगातले वेळापत्रक

महाराष्ट्रात टोमॅटो तिन्ही हंगामांत घेतात. परंतु ज्याच्याजवळ परस आणि बादलीभर पाणी एवढेच आहे, त्याने हिवाळी हंगाम धरावा. त्याचे वेळापत्रक आपल्या सणांशी चांगले जुळते. घटस्थापनेच्या सुमारास बी पेरावे. सहा ते दहा दिवसांत ते उगवते. दिवाळीपर्यंत, म्हणजे साधारण महिन्याभरात, रोपे वीतभर उंच व पाचसहा पानांची होतात. ती तेव्हा लावावी. लावल्यापासून महिन्याभरात फुले येतात आणि फुलापासून पिकलेले फळ व्हायला आणखी सहासात आठवडे लागतात. म्हणजे पहिले फळ संक्रांतीच्या आसपास हाती येते. त्यानंतर शिमग्यापर्यंत तोडा चालू राहतो.

हाच हंगाम का, याचे कारण फुलात आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकडत राहिले, की टोमॅटोचा पराग निकामी होतो व फुले गळतात. झाड हिरवेगार दिसते, फूल येते, पण फळ धरत नाही. उलट रात्रीची थंडी १० अंशांच्या खाली गेली तरीही फलधारणा अडते. फळाला लाल रंग देणारे लायकोपिन हे द्रव्यसुद्धा ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, म्हणून भर उन्हाळ्यातला टोमॅटो पिवळट, नारिंगी राहतो. उष्णतेची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

बी, माती आणि रोप

बी निवडताना पहिला प्रश्न सुधारित वाण की संकरित वाण, हा असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’ आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा रुबी’ हे सुधारित वाण आहेत. यांचे बी आपण घरी धरू शकतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण तीन मोठ्या रोगांना दाद देत नाही आणि मळेवाल्याच्या दृष्टीने तो सोयीचा. पण संकरित फळाचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. कोणते झाड उंच, कोणते बुटके, कोणाचे फळ गोल, कोणाचे चपटे. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली जे प्रसिद्ध केले, तेच येथे दिसते. परसासाठी मी सुधारित वाण पसंत करते.

एक ग्रॅम बियांत तीनशेच्या आसपास दाणे असतात. आपल्याला दहा पुरतात. नारळाच्या करवंटीत, दुधाच्या रिकाम्या पिशवीत किंवा तळाला भोके पाडलेल्या डब्यात माती व कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात चाळून भरावे. बी पाव इंचाहून खोल टाकू नये. पाणी हाताने शिंपडावे आणि वरची माती किंचित सुकू द्यावी. माती सतत ओली राहिली, की बुरशीमुळे रोपाची मान जमिनीलगत सडते आणि रात्रीत रोप आडवे होते. पांढरी माशी बसू नये म्हणून रोपांवर पातळ सुती कापड काठ्यांच्या आधाराने ताणून धरावे. लावणीच्या आधी चारपाच दिवस कापड काढून ऊन दाखवावे आणि पाणी थोडे कमी करावे, म्हणजे रोप कणखर होते.

लावायची जागा अशी असावी, की तेथे दिवसाचे निदान सहा तास ऊन पडेल. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात दोन घमेल्यांस एक घमेले चांगले कुजलेले शेणखत व अर्धे घमेले वाळू मिसळावी. शेणखत अर्धेकच्चे असेल तर हुमणी येते. ज्यांना परस नाही त्यांनी तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा, तळाला सातआठ भोके पाडावी, खाली विटांचे तुकडे घालावे आणि एका डब्यात एकच झाड लावावे. दुसऱ्याचा मोह करू नये.

लागण व बांधणी

रोप संध्याकाळी लावावे. खालची दोन पाने खुडून खोडाचा तेवढा भाग मातीत जाऊ द्यावा. वांग्यामिरचीला असे खोल पुरून विशेष लाभ नाही. टोमॅटोच्या खोडाला मात्र मातीचा स्पर्श झाला, की तेथे नवी मुळे फुटतात आणि झाडाचा पाया रुंद होतो. हे पुस्तकात मी गेल्या वर्षी वाचले. आई हे पंधरा वर्षांपासून करीत आहे. कारण विचारले तर ती एवढेच सांगते, “रोप गळ्यापर्यंत गाडलं की वाऱ्याला हलत नाही.” दोन झाडांत दोन फुटांचे अंतर ठेवावे.

टोमॅटोचे खोड स्वतःच्या फळांचे ओझे पेलू शकत नाही. झाड वीत-दीड वीत झाले, की शेजारी चार फुटांची काठी रोवून सुतळीने बांधावे. सुतळी आधी काठीला घट्ट आवळावी, मग मराठी चारच्या आकड्यासारखा पीळ देऊन खोडाभोवती सैल वेढा घ्यावा. त्या वेढ्यात करंगळी सहज फिरली पाहिजे, कारण खोड पुढे जाड होते. मळ्यात हीच बांधणी तारा आणि बांबू लावून करतात आणि ते काम बहुतेक बायकाच करतात.

पान व खोड यांच्या बगलेत जे फुटवे येतात, ते उंच वाढणाऱ्या वाणात खुडावे आणि एक किंवा दोनच फांद्या वाढू द्याव्या. झुडपासारख्या बुटक्या वाणात मात्र ते खुडू नयेत. त्यांच्यावरच फळ येते. जमिनीला टेकणारी पाने दोन्ही वाणांत काढून टाकावी. मातीतली बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर प्रथम याच पानांवर चढते.

पाण्याची शिस्त

परसातले टोमॅटो कशाने बिघडतात, असे मला कोणी विचारले तर मी ‘पाणी’ असे उत्तर देईन. कमी पाणी असे नव्हे, तर लहरीप्रमाणे घातलेले पाणी. चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी दोन बादल्या ओतायच्या, हे टोमॅटोला चालत नाही. अचानक पाणी मिळाले, की फळाचा गर फुगतो, सालीला तितके ताणता येत नाही आणि फळ तडकते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. फळाचे खालचे टोक काळे पडून चामड्यासारखे होते. लोक त्याला रोग समजून औषध मारतात. वास्तविक तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून असे होते, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच वाहून जात असल्याने पाणी अनियमित झाले की पुरवठा तुटतो. मातीत पुष्कळ कॅल्शियम असले तरीही हे घडू शकते. पाणी नियमित केले, की पुढची फळे चांगली येतात.

बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत कोरडे लागले तर सकाळी बुडाशी पाणी द्यावे, पानांवर ओतू नये. बुडाशी उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते. तांदूळ, डाळ धुतलेले पाणी चालते. मोरीचे साबणाचे पाणी देऊ नये.

खताचेही तसेच. लावताना शेणखत दिले असेल तर फुले येईपर्यंत काही देऊ नये. लाडाने युरिया टाकला तर झाड छातीइतके वाढते, पाने काळीभोर होतात आणि फळे मात्र चारच लागतात. फुलांच्या वेळी ओंजळभर शेणखत व चिमूटभर चुलीतली राख पुरेशी आहे.

फूल, भुंगा आणि झेंडू

टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात व परागीकरण बहुधा त्या फुलातच होते. परंतु पराग पुंकेसरांच्या नळीत कोंडलेला असतो. तो झटकून खाली पडावा लागतो. उघड्या परसात हे काम वारा करतो. काळा मोठा भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो, तेव्हा त्या थरथरीने पराग गळतो. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. झाड चार भिंतींच्या आत किंवा गॅलरीत असेल तर सकाळी दहाच्या सुमारास काठीवर बोटाने हलके टिचकी मारावी.

फळे पोखरणारी अळी ही टोमॅटोची मोठी वैरीण. तिचा पतंग अंडी घालायला झेंडूची फुले अधिक पसंत करतो. म्हणून मळ्यात टोमॅटोच्या सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावण्याची शिफारस आहे. परसात चार झाडांना एक झेंडू पुरे. मात्र तो टोमॅटोच्या फुलांबरोबर फुलावा म्हणून रोप पंधरा दिवस आधीचे असावे. दसऱ्याच्या तोरणासाठी लावलेला झेंडू येथेही कामास येतो. अळी दिसली तर हाताने वेचावी. मावा, पांढरी माशी यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, एक लिटर करून संध्याकाळी फवारावा.

पाने वाटीसारखी वळून झाड खुरटले, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून लांब टाकावे, म्हणजे शेजारची तीन वाचतात. पानांवर तपकिरी वर्तुळे आली तर तो करपा. ढगाळ, दमट हवेत येणारा दुसरा एक करपा याहून भयंकर असतो. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन मोठा दुष्काळ पडला, तो याच रोगाने. करप्यासाठी बोर्डो मिश्रण हा जुना उपाय आहे. १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवावे, मग एकत्र ओतावे. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मिश्रण अजून आम्ल आहे. थोडा चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि नंतरची फळे धुतल्याशिवाय खाऊ नयेत.

तोडणी आणि बी धरणे

फळाच्या बुडाला गुलाबी झाक आली, की ते तोडले तरी घरात पिकते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो व तो शेजारच्या फळालाही पिकवतो. म्हणूनच पिकल्या केळ्याजवळ ठेवलेला टोमॅटो लवकर लाल होतो. चवीसाठी मात्र झाडावरच पिकू द्यावे.

बी धरायचे असल्यास सर्वांत निरोगी झाडाचे, फेब्रुवारीतले, पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. गर बियांसकट वाटीत काढून दोन दिवस तसाच ठेवावा. तो आंबतो, वर बुरबुर येते, वासही येतो. त्याने घाबरू नये. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखणारा असतो आणि आंबवल्यानेच तो सुटतो. मग पाणी घालून ढवळावे. तळाला बसते ते बी चांगले, तरंगते ते फेकावे. ताटलीत सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, वर वर्ष लिहून, कोरड्या डब्यात ठेवावे. तीनचार वर्षे ते उगवते.

चार झाडांचा हिशेब

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने गेल्या हंगामात वहीत जमाखर्च मांडला. बी, सुतळी, मोरचूद व चुना मिळून ७० रुपये. शेणखत शेजारच्या काकूंनी दिले. मोडक्या काठ्या आईने मळ्याच्या मालकांना विचारून आणल्या. चार झाडांचे उत्पन्न साडेनऊ किलो. किलोला सरासरी २० रुपये धरले तर १९० रुपये होतात. म्हणजे शिल्लक १२० रुपये. नवरात्र ते शिमगा या पाच महिन्यांच्या देखरेखीला दिवसाला एक रुपयाही पडला नाही. परसातल्या टोमॅटोने घरखर्च वाचतो असे जे सांगतात, त्यांनी एकदा असा हिशेब मांडून पाहावा.

यावर कोणी म्हणेल, की भाव वाढतो तेव्हाचे काय ? २०२३ च्या जुलैत टोमॅटो अनेक शहरांत किलोला १५० ते २०० रुपयांवर गेला होता. त्या भावाने आमच्या साडेनऊ किलोंचे १,४०० रुपयांहून अधिक झाले असते. पण जुलैत फळ हवे तर रोप एप्रिलमध्ये लावले पाहिजे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात परसातल्या झाडाला फळ धरत नाही. वर सांगितलेली उष्णतेची गोष्ट ती हीच. बाजारात टोमॅटो महाग होतो तेव्हा तो परसातही नसतो, कारण दोन्हीकडे एकच ऊन असते. आमच्या तालुक्यातले शेतकरी उन्हाळी टोमॅटो घेतात हे खरे. पण त्यासाठी ठिबक, मल्चिंगचा कागद, औषधे यांवर मोठा खर्च करून ते ही जोखीम उचलतात.

यावर आमच्या घरचा उपाय वाळवणाचा आहे. मार्चमध्ये टोमॅटो स्वस्त असतो व ऊन कडक असते. फळाच्या पातळ चकत्या करून, मीठ लावून, वर फडके घालून तीनचार दिवस कडकडीत वाळवाव्या. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असल्याने दहा किलोंचे जेमतेम पाऊण किलो वाळवण उरते, पण पावसाळ्यात आमटीला आणि साराला तेवढे पुष्कळ होते.

शंभर दिवसांचे अंतर

चार झाडांनी पैशाचा लाभ फारसा दिला नाही. परंतु वर्गात जे मला नीट उमगले नव्हते, ते त्यांनी उमगवले. अर्थशास्त्रात ‘कॉबवेब’ म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत आहे. हे नाव निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली दिले. शेतकरी आजचा भाव पाहून लागवड ठरवतो, पण माल येतो काही महिन्यांनी. तोवर साऱ्यांचाच माल येतो व भाव पडतो. पडलेला भाव पाहून सारे लागवड कमी करतात, मग पुढच्या वेळी टंचाई होते. फळ्यावरच्या आकृतीत मला त्या रेघा दिसत, वेळ दिसत नसे. बी पेरल्यापासून पहिल्या फळापर्यंतचे शंभर दिवस मी वहीत एकेक करून मोजले, तेव्हा ही रेघ किती लांब आहे ते कळले. या शंभर दिवसांत झाडाला घाई करता येत नाही, आणि झाड थांबूनही राहत नाही.

२०२३ साली हेच घडले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाव नसल्याने अनेकांनी बागा सोडून दिल्या. पुढे उष्मा, पाऊस आणि विषाणू यांनी उरलेल्या मालाला फटका दिला. जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांपर्यंत आणि काही दिवस त्याच्याही वर भाव गेला. केंद्र सरकारला १४ जुलैपासून दिल्ली व अन्य काही शहरांत ९० रुपये किलोने टोमॅटो विकावा लागला. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातही झाली. तो भाव पाहून जागोजागी नवी लागवड झाली. सप्टेंबरमध्ये तिचा माल आला, तेव्हा काही बाजारांत किलोला पाच रुपयेही मिळेनात. क्रेटचे दोन हजार होते ते शंभरावर आले. तोडणी, भाडे, हमाली यांचाही खर्च सुटेना, म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, किंवा झाडावरच सोडून दिला.

वृत्तपत्रांत गिऱ्हाइकाचे आणि शेतकऱ्याचे दुःख आले, आणि ते येणे योग्यच होते. पण माल झाडावर सोडून दिला, की तोडणारणीला काम नसते, हे कोठे आले नाही. त्या सप्टेंबरात आमच्या गल्लीत टोमॅटो फुकट मिळत होता आणि आई घरी बसून होती. स्वस्त टोमॅटो म्हणजे गरिबाची सोय, असे आपण सहज बोलून जातो. ज्या घरची मजुरी त्याच टोमॅटोवर अवलंबून आहे, त्या घराला महाग टोमॅटो परवडत नाही आणि फार स्वस्त टोमॅटोही परवडत नाही. त्याला हवा असतो स्थिर भाव, जसे झाडाला हवे असते नियमित पाणी. टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्या भावातील चढउतार आवरण्यासाठी २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर झाली होती. त्यानंतर पाच वर्षांनी आम्ही २०२३ चा जुलै आणि सप्टेंबर पाहिला. साठवण, प्रक्रिया आणि लागवडीची आगाऊ माहिती गावपातळीवर पोहोचल्याशिवाय हे अंतर कमी होईल असे मला वाटत नाही. आपल्या महाविद्यालयातील अर्थशास्त्र आणि भूगोल विभागांनी मिळून तालुक्यातल्या रोपवाटिकांतून दर पंधरवड्याला किती रोपे गेली याची नोंद ठेवली, तर शंभर दिवसांनी बाजारात काय येणार, ते आधी सांगता येईल. हे काम आपण विद्यार्थी करू शकतो.

तोवर निदान चार झाडे प्रत्येकाने लावून पाहावी, अशी माझी विनंती आहे. वसतिगृहाच्या मागे नळाजवळ ऊन असलेली मोकळी जागा आहे. पत्र्याचे डबे खानावळीत मिळतात. ‘भाग्यश्री’चे, गेल्या फेब्रुवारीत धरलेले बी माझ्याजवळ वीस पुड्या आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी घटस्थापनेच्या आधी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर यावे. पुडी फुकट आहे. मात्र बी पेरल्याची तारीख, पहिल्या फुलाची तारीख आणि पहिल्या फळाची तारीख वहीत लिहून ती मला आणून दाखवावी.